जळबाच्या चक्कीवरची अक्षरं

आमच्या गावात लाईट गेली की शाळा भरायची आणि लाईट आली की सुटायची. शिकणाऱ्या आम्ही, म्हणजे डोक्यावर पदर आणि कडेवर दळणाचा डबा घेऊन आलेल्या बायका. मास्तर म्हणजे जळबा चक्कीवाला. सातवीत असताना बाप वारला म्हणून तो चक्कीला जुंपला गेला तो पन्नाशी ओलांडली तरी तिथंच. भुवया कायम पांढऱ्या. पिठानं की वयानं, हे त्याला आंघोळीनंतर कुणी पाहिलं असेल त्यालाच ठाऊक.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचची. गोरेगावच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावामागचा खडकाळ बरड ओलांडला की तांडा. लोडशेडिंग असं असायचं की सकाळी दळण घेऊन निघालेली बाई दुपारच्या भाकरीला घरी पोचेल याचा भरवसा नसे. दहा-बारा जणी चक्कीत भिंतीला टेकून बसायच्या. बसलं की तोंड चालणार, तोंड चाललं की भांडण होणार, आणि भांडण नेहमी डब्यावरून. डबे सगळ्यांचे सारखे, तेलाचे, गोल झाकण बसवून घेतलेले. कुणाचा डबा कुणाचा ते जळबा ध्यानात ठेवायचा, पण लाईट आल्यावर जी घाई उडायची तिच्यात त्याचंही डोकं फिरायचं. एकदा भिकाबाईच्या ज्वारीवर माझे गहू गेले. तीन दिवस तिच्या भाकरीला गव्हाचा चिकटा लागला आणि ते तिनं माझ्या माहेरापर्यंत पोचवलं.

त्या दिवशी जळबा वैतागून म्हणाला की डब्यावर आपापली नावं टाका. सगळ्या आपापल्या डब्याकडं बघायला लागल्या. नाव टाकायला नाव लिहिता यावं लागतं हे त्याच्या आधी ध्यानात आलं नाही, आणि ध्यानात आल्यावर तोच आमच्यापेक्षा जास्त ओशाळला.

चक्कीच्या तोंडापुढं पीठ पडायची लाकडी पेटी होती, कमरेएवढी उंच. तिच्या झाकणावर काळा पत्रा ठोकलेला. दिवसभर उडालेलं पीठ त्या पत्र्यावर पातळ बसायचं. जळबानं त्यात बोटानं भिकाबाईचं नाव लिहिलं. तिला दाखवलं, फुंकर मारून पुसलं, वरून चिमूटभर पीठ भुरभुरलं आणि म्हणाला, आता तुमी काढा. भिकाबाई पदरात हसली, बोट पुढं केलं, मागं घेतलं. लाईट येईस्तोवर तिचा ‘भि’ झाला होता. ‘का’ दुसऱ्या दिवशी झाला. आठवड्यानं तिनं ट्रॅक्टरच्या कामातला उरलेला लाल रंग मागून आणला आणि झाकणावर चारी अक्षरं काढली. त्या दिवसापासून तिचा डबा कुणी उचलला नाही, आणि ती तो घेऊन घरी जायला चांगला लांबचा रस्ता धरायची.

मग सगळ्यांनाच नाव पाहिजे झालं. नाव झालं तर नवऱ्याचं, ते झालं तर गावाचं. असं करत जळबाची शाळा लागली. फी काय, असं एकीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पीठ तुमचं, पत्रा माझा, आन टाईम त्या लाईटवाल्याचा. कोणाकून काय घ्यावं?”

त्याची शिकवायची तऱ्हा त्याचीच. पुस्तक नव्हतं, त्यामुळं ग गणपतीचा वगैरे त्यानं धरलंच नाही. ज म्हणजे ज्वारी, ह म्हणजे हरभरा, त म्हणजे तूर. अक्षर काढायचं आणि शेजारी तो दाणा ठेवायचा. बायांना दाणा आंधारात बोटानं ओळखता येतो, मग अक्षर काहून येणार न्हाई, असं त्याचं म्हणणं. काना म्हणजे चक्कीचा उभा नळ. वेलांटी म्हणजे चाकावरून गेलेला पट्टा. अनुस्वार म्हणजे वर उडालेला दाणा. मी आजही अनुस्वार दिला की तो दाणा जपून ठेवल्यासारखा देते. चुकलं तर तो रागवायचा नाही, फुंकर मारायचा. जगात चूक इतक्या हलक्या हातानं पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि माझी पुष्कळांनी पुसली आहे, पण वहाणेनं.

बसायची रीत अशी, की तो पेटीच्या पल्याड, मशीनच्या बाजूला स्टुलावर. तिकडं पट्टा फिरतो, पदर गुंतला तर बाई गेलीच, म्हणून बाईनं तिकडं जायचं नाही हा नियम त्याच्या बापापासूनचा. शिवाय गावनात्यानं जळबा आमच्यातल्या बहुतेकींचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून सून बसत नसते. म्हणून पेटी मधे, तो पल्याड, आम्ही अल्याड, समोरासमोर.

आता वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल ते आमच्या दीड वर्ष ध्यानात आलं नाही. तो आपल्याकडं तोंड करून लिहायचा. आम्ही समोरून पाहायचो. म्हणजे आम्ही शिकलो ते प्रत्येक अक्षर डोकं खाली पाय वर असं शिकलो. आणि आम्ही जसं दिसलं तसंच पत्र्यावर काढायचो, उजवीकडून डावीकडं. ते त्याच्या बाजूनं झकास सरळ दिसायचं. तो खूश, आम्ही खूश. डब्याची झाकणं गोल. गोलाला खाली-वर कुठं असतं? माझे सासरे निजामाच्या काळात चार बुकं उर्दू शिकलेले. मी घरी राखेत उजवीकडून लिहिताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, जळबा तुमाला उर्दू शिकवून राहिला की काय. आम्ही हसलो. तिथंच कळायला पाहिजे होतं.

बसवरची पाटी वाचता यायची नाही, दुकानावरची यायची नाही. त्याचं उत्तर आम्ही आमचंच काढलं होतं. सरकारी अक्षर वेगळं असतं आणि चक्कीवरचं वेगळं. आपण आधी घरचं शिकलो, सरकारी पुढं कधीतरी शिकू. हे आम्ही एकमेकींना इतक्या खात्रीनं सांगायचो की जळबाला विचारायची गरजच पडली नाही.

तांड्यावरची जिवनबाई ह्या सगळ्यात पुढं होती. आम्ही चक्कीत पाय टाकताना विचारायचो की लाईट कधी येणार. ती विचारायची, लाईट कधी जाणार. पोतंभर दळण एकदम न आणता दोन-दोन किलो आणायची, म्हणजे फेऱ्या जास्त व्हाव्यात. त्या दोन किलोसाठी बरडावरून दीड किलोमीटर येणं आणि तेवढंच जाणं. महिनाभरानं जळबाच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं विचारलं की जिवनबाई, घरी माणसं जेवतेत का चिमण्या. ती म्हणाली, चिमण्याच हायेत, पण शिकलेल्या व्हनार.

तिचं वय तिशीच्या आसपास, नवरा रणजीत, पोरगी दिपा. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचा आणि अर्धा तांडा ऊस तोडायला जायचा. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळं जिवनबाईला जावंच लागायचं, आणि ती गेली की दिपाही गेली. दिवाळीला शाळा सुटायची ती पोरगी गुढीपाडव्यानंतर परत यायची. तिसरीत ती तिसऱ्यांदा बसली होती. जिवनबाई म्हणायची, माझी पोरगी तिसरीची मालकीण झाली आता.

आमची चूक उघडी पडली ती माझ्याच घरी. उन्हाळ्यात दुपारी मी गार फरशीवर पडले होते, डोकं भिंतीकडं. सहज डोळे वर केले तर भिंतीवरचं कॅलेंडर मला वाचता आलं. एप्रिल. त्याच्या खालचं तेलाच्या दुकानाचं नावही आलं. मी ताडकन उठून समोर उभी राहिले, तर पुन्हा सरकारी अक्षर. पुन्हा आडवी झाले, पुन्हा वाचलं. माझी पुनम तेव्हा सहावीत. ती दारात उभी राहून हा सगळा खेळ पाहत होती. तिनं आपलं पुस्तक आणून माझ्या हातात उलटं दिलं. मी धडा वाचला, अडखळत का होईना, शेवटपर्यंत. पोरगी आधी हसली आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काहून रडली ते मी विचारलं नाही, मलाही तेच होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चक्कीच्या बाहेर बायकांना गोळा करून सांगितलं. पहिल्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही. मग एकेकीनं पुडक्याचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि रस्त्यावरच पदर तोंडाला लावून सगळ्या अशा हसल्या, की जळबानं आतून डोकावून विचारलं काय झालं. आम्ही म्हणालो, काही नाही.

ते ‘काही नाही’ आम्ही सहा महिने टिकवलं. जळबाला सांगायचं नाही असं ठरलं. तो गोरेगावच्या बाजारात लोकांना सांगायचा की माझ्या चक्कीवरच्या बारा बाया वाचून राहिल्या. त्याच्या चेहऱ्यावरचं पीठ झटकावं, पण तो आनंद नको, असं आम्हाला वाटलं. त्यात आमची सोयही होती. पुस्तक उलटं धरलं की वाचता येत होतं. मग गुरूला कशाला दुखवायचं? जिवनबाई तेवढी म्हणाली की सरळबी यायला पाहिजे. ती घरी दिपाच्या पुस्तकावरून सरळ वाचायचा सराव करायची, पण दीड वर्षाची सवय हट्टी असते. सरळ धरलं की तिची गाडी बरडावरून निघायची, उलटं धरलं की डांबरीवरून.

दसऱ्याच्या सुमारास कळलं की तांड्यावरच्या अंगणवाडीला मदतनीस घ्यायची आहे. तांड्यावर अंगणवाडी होती, म्हणजे खोली होती आणि तिला कुलूप होतं. आधीची मदतनीस गावातली. ती झेंड्याच्या दिवशी बरड चढायची. आता अट अशी होती की बाई त्याच वस्तीची पाहिजे आणि लिहिता-वाचता आलं पाहिजे. जिवनबाईनं माझ्या हातून अर्ज लिहून घेतला नाही. स्वतः लिहिला, कागद उलटा ठेवून.

मी तिला म्हणाले, नोकरी लागली तर पेढे दे. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“मंजुळाबाई, नोकरी ऱ्हायली तिकडं. मला ट्रकात बसायचं न्हाई. मी बसले की दिपा बसते.”

परीक्षा ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. जळबाची चक्की तिच्या समोरच. अंगणवाड्या तपासणारी सुपरवायझर बाई जीपनं आली. सकाळपासून तिचं हे चौथं गाव, चेहऱ्यावर धूळ आणि कंटाळा. आधी ती उकंडरावांच्या घरी चहाला गेली. उकंडराव म्हणजे गावातला मोठा माणूस; पंचायत कुणाचीही असो, खुर्ची त्यांच्या घरून यायची. दुसरी उमेदवार पारुबाई. तिचा नवरा सोनाजी उकंडरावांचा सालगडी, आणि ते दोघं राहायचे उकंडरावांच्या शेतातल्या खोपीत. ती खोपी तांड्याच्या वाटेला, म्हणून पारुबाई तांड्याचीच, असा हिशेब लावलेला. पारुबाई गरीब, मान खाली घालून बसलेली. तिचं दळण मालकाच्या घरच्या दळणात जायचं, त्यामुळं चक्कीवर ती कधी आलीच नव्हती.

आम्ही सात-आठ जणी दारात उभ्या. खिडकीत गडीमाणसं. सुपरवायझर बाई टेबलाच्या पल्याड बसली, जिवनबाई अल्याड. बाईनं लहान लेकरांच्या आहाराचं एक पुस्तक तिच्या हातात दिलं. जिवनबाईनं ते घेतलं, फिरवून उलटं केलं आणि वाचायला सुरुवात केली. सहा महिन्यांच्या बाळाला मऊ भात, डाळीचं पाणी. आवाज स्वच्छ, कुठं अडलं नाही.

पण ऐकतो कोण? पुस्तक उलटं धरणं ही तर अडाण्याची खूण. खिडकीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, बाई, चित्रातलं लेकरू खाली पडंल. उकंडराव खुर्चीत रेलून हसले. सुपरवायझर बाईनं पुस्तक काढून घेतलं आणि विचारलं की कुणाकडून पाठ करून घेतलं. जिवनबाई न्हाई म्हणाली. मग सरळ धरून वाचा, असं म्हणून बाईनं दुसरं पान उघडून दिलं.

जिवनबाईनं सरळ धरलं. एक शब्द आला, दुसऱ्याला ठेच लागली, तिसऱ्यावर ती थांबली. कपाळावर घाम. मी दारातून पाहत होते आणि मला टेबल दिसत नव्हतं, ट्रक दिसत होता. सुपरवायझर बाईनं सुस्कारा टाकला, पेनाचं टोपण काढलं.

“बाई,” जिवनबाई म्हणाली, “दुसरं कायबी द्या. फकस्त तुमच्याकडं तोंड करून ठिवा.”

बाई म्हणाली की तिच्याकडं दुसरं काही नाही.

“हाय की. हे तुमच्या हाताखालचं वाचते.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली. टेबलावर सुपरवायझर बाईपुढं एक कागद होता, बाईकडं तोंड करून ठेवलेला. म्हणजे आमच्या जिवनबाईच्या दृष्टीनं अगदी जिथं असावा तिथं. अंगणवाडी मदतनीस निवड. गावाचं नाव. तारीख, आजची. उमेदवार एक, पारुबाई सोनाजी, वीसपैकी अठरा. उमेदवार दोन, आडे जिवनबाई रणजीत, वीसपैकी...

तिथं ती थांबली. मी तिला अडखळताना ऐकलं होतं. हे थांबणं तसं नव्हतं. मग तिनं वाचलं, “सहा.”

खिडकीतला हशा कुणीतरी उचलून नेल्यासारखा गेला. सुपरवायझर बाईनं कागदावर हात ठेवला, पण आता झाकून काय उपयोग होता. उकंडरावांची खुर्ची पुढं आली.

जिवनबाईनं आवाज चढवला नाही. तिनं एवढंच विचारलं, “बाई, माझा इम्तिहान आज हाय का काल झाला?”

 उकंडरावांनी सांगायला सुरुवात केली की वेळ वाचावा म्हणून कच्चा कागद आधी भरून ठेवतात, सगळीकडं तसंच असतं. सुपरवायझर बाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. मला त्या बाईचं एक आवडलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि तिनं तो लपवला नाही. तिनं आहाराचं तेच पुस्तक पारुबाईपुढं सरकवलं आणि म्हणाली, तुम्ही वाचा.

पारुबाईनं पुस्तकाला हातही लावला नाही. सोनाजी खिडकीत उभा होता, त्याच्याकडं एकदा पाहिलं, उकंडरावांकडं पाहिलंच नाही, आणि म्हणाली, “मला वाचता येत न्हाई, बाई. मालकानं बस म्हणलं म्हणून बसले. तिला येतंय, तिला द्या.”

जिवनबाई पेटीपाशी वाचायला शिकली ते मोठंच. पण पारुबाई ज्या मालकाच्या खोपीत राहत होती त्याच्या देखत ती हे बोलली. त्या दिवशी खोलीत कुणाचं काळीज मोठं होतं हे मला विचारलं तर मी दोघींची नावं सांगेन आणि पहिलं कुणाचं ते सांगायची नाही.

सुपरवायझर बाईनं जुना कागद फाडला नाही. त्याच्यावर आडवी रेघ मारून सही केली. नवा घेतला, हातानं रकाने आखले, लिहिलं. तो कागद तिनं फिरवला नाही, स्वतःकडंच तोंड करून टेबलाच्या मधोमध सारला आणि म्हणाली, वाचा आता.

जिवनबाईनं समोरून वाचलं. आडे जिवनबाई रणजीत, वीसपैकी पंधरा. निवड. सरळ वाचता येत नाही याचे पाच कापले असावेत, आणि ते बरोबरच कापले. जाताना बाईनं बजावलं की रजिस्टर तपासायला येईन तेव्हा ते मला फिरवून बघायला लागू नये, तीन महिन्यांत सरळ झालं पाहिजे.

आम्ही जिवनबाईला घेऊन बाहेर आलो तर समोर चक्कीच्या पायरीवर जळबा उभा. गर्दी पाहून आला होता. उकंडरावांना कुणावर तरी राग काढायचा होताच. ते जीपपाशी जाता जाता म्हणाले, “जळब्या, एवढ्या बाया शिकवल्या अन् समद्या उलट्या. सरळ एकबी निघाली न्हाई.”

जळबानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही कुणीच त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि त्यातच त्याला कळलं. तो आत गेला. लाईट होती, नंबर लागलेले होते, तरी त्यानं मशीन बंद केलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही चक्की उघडली नाही. त्याचा बाप गेला त्या दिवसानंतर असं पहिल्यांदाच झालं, असं जुनी माणसं म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मीच गेले. तो पेटीजवळ बसला होता. पत्रा पुसलेला, चक्क काळा. त्यानं विचारलं की मला कधीपासून माहीत होतं. मी म्हणाले, उन्हाळ्यापासून. मग सांगितलं काहून नाही, असं तो म्हणाला. मी विचारलं की सांगून काय झालं असतं?

“मी अल्याड येऊन बसलो असतो.”

“आन मग आमी कुठं बसलो असतो, भाऊजी?”

त्यानं पट्ट्याकडं पाहिलं, अल्याडच्या भिंतीकडं पाहिलं जिथं आम्ही टेकून बसायचो. तो मनातल्या मनात आम्हाला एकेक करून कुठंतरी बसवून बघत होता आणि कुठंच बसत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला की दोन वर्षं तुमी डोकं खाली करून चालल्या आन मला वाटलं मी वाट दाखवून राहिलो.

मी म्हणाले की वाट तीच होती, आम्ही उलट्या पायानं चाललो एवढंच. पण जिवनबाई पोचली ना. सरळ वाचणारी असती तर तो कागद तिला दिसला असता का? त्यानं मान हलवली. पण मला वाटतं ते त्याला पटलं नाही, आणि त्याचा मोठेपणा हाच, की पटवून घेतलं नाही. चुकीतून काही भलं झालं म्हणून ती चूक जपून ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

संध्याकाळी चक्कीतून ठोकल्याचा आवाज आला. सकाळी पाहतो तर पेटीवरचा पत्रा निघून समोरच्या भिंतीवर चार खिळ्यांनी टांगलेला. भिंतीवरच्याला पल्याड-अल्याड काही नसतं. त्याला तिकडून दिसतं तेच आम्हाला इकडून. जगात फळा भिंतीवर काहून टांगतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अर्थात उभ्या पत्र्यावर पीठ काही बसेना, म्हणून चुन्याचे खडे आले. आणि ज पासून पुन्हा सुरू. भिकाबाई म्हणाली की एका जन्मात दोनदा बाराखडी, हे कोणत्या पापाचं फळ. जळबा म्हणाला, माझ्या पापाचं, तुमी बसा.

दिवाळी झाली आणि शाळा पुन्हा उघडली त्याच दिवशी तांड्याचा ट्रक आमच्या रस्त्यानं निघाला. दरवर्षी आम्ही चक्कीतून तो जाताना पाहायचो. हंडे, अंथरुणं, कोंबड्या, वर माणसं. ह्या वर्षी मात्र आमच्यातली प्रत्येक जण दारात येऊन चेहरे मोजत होती. रणजीत वर बसला होता, आपल्या भावाच्या शेजारी. बायको नसली की माणूस अर्धा कोयता. दोन अर्ध्यांचा एक करून ते चालले होते. त्याच्या बाजूला जिथं जिवनबाई बसायची तिथं एक गाठोडं होतं. त्यानं आमच्याकडं पाहून हात वर केला, हसला नाही. पाच महिने हाताची भाकर खायची होती त्याला.

ट्रकमागची धूळ खाली बसायच्या आत बरडाच्या वाटेनं जिवनबाई आली. डोक्यावर डबा, आणि ह्या वेळी तो भरलेला होता, चांगला दहा-बारा किलोचा. घामानं कपाळावर केस चिकटलेले. ट्रक कुठल्या रस्त्यानं गेला ते तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. जळबानं डबा हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाला की आज चिमण्यांकडं पाव्हणे दिसतेत.

“अंगणवाडीची लेकरं हायेत, भाऊ. एकवीस. बायांनी जाताना माझ्यापाशी सोडली, कोणाची आजी हाय, कोणाची कोणीच न्हाई. कुलूप मी सकाळीच काढलं, आज्यांना लेकरांपाशी बसवून आले.” मग ती थोडी थांबली. “दिपा शाळेत गेली. चौथीत बसवतो म्हणले मास्तर, जर ह्या साली हलली न्हाई तर.”

“हलंल कशी,” जळबा म्हणाला.

लाईट गेलेली होती. नंबर सातवा होता तिचा, म्हणजे दुपार नक्की. आम्ही सरकून तिला भिंतीला जागा करून दिली. जळबानं चुन्याचा खडा घेतला, पत्र्यावर एक शब्द लिहिला आणि तिच्याकडं वळून उभा राहिला. ती मान तिरपी करायला गेली, थांबली, मान सरळ केली आणि सावकाश, एकेक अक्षर टेकत वाचायला लागली. एकवीस लेकरं तिकडं वाट बघत होती, तरी आम्ही कुणीच घाई केली नाही.